घशातून मेंदूपर्यंत : एका अँटीबॉडीवरचा वाद

समर्थक : जे सगळ्यांना मान्य आहे तिथून सुरुवात करू. नऊ-दहा वर्षांची मुलगी. महिन्याभरात तिचं अक्षर बिघडतं, ओळ सरळ राहत नाही. जेवताना चमचा तोंडापर्यंत पोचायच्या आत वरण सांडतं. बसल्याजागी खांदा उडतो, मग बोटं, मग भुवई. हालचाल एका जागी टिकत नाही, अंगभर फिरत राहते. बाईंना वाटतं पोरगी मुद्दाम चाळे करते. घरच्यांनाही तसंच वाटतं, त्यामुळे दोन्हीकडे बोलणी खाते. डॉक्टर तिला आपली दोन बोटं घट्ट धरून ठेवायला सांगतात. मूठ आवळते, सैल पडते, पुन्हा आवळते. गाईची धार काढताना हात चालतो तशी. जीभ बाहेर काढून ठेव म्हटलं की ती क्षणात आत जाते. झोप लागली की सगळं थांबतं. मग आईला आठवतं की दोन-अडीच महिन्यांपूर्वी हिचा घसा धरला होता, ताप आला होता आणि दोन दिवसांत उतरलाही होता.

हा सिडनहॅम कोरिया. थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने १६८६ मध्ये त्याचं वर्णन करून ठेवलं, तेव्हा जंतूंमुळे आजार होतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. आज आपल्याला ठाऊक आहे की घशात गट ‘अ’ स्ट्रेप्टोकॉकस शिरतो, शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं, आणि त्यातल्या काही अँटीबॉडी मेंदूच्या तळाशी असलेल्या बेसल गँग्लियाला चुकून शत्रू समजतात. हालचालींना लगाम घालणारा भाग तोच. लगाम सुटतो. संसर्गातून हालचालींचा विकार होऊ शकतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण वैद्यकात सापडणं अवघड.

साशंक : मुलीचं वर्णन तंतोतंत मान्य. स्ट्रेपशी असलेला संबंधही मान्य. ‘चुकून शत्रू समजतात’ हे मात्र तुम्ही फार सहज म्हणून गेलात. १९७६ मध्ये गुन्नार हुस्बी आणि सहकाऱ्यांनी कोरिया झालेल्या मुलांचा रक्तद्रव मेंदूच्या पातळ कापांवर टाकून पाहिला. साधारण निम्म्या मुलांमध्ये अँटीबॉडी कॉडेट आणि सबथॅलॅमिक केंद्रांतल्या पेशींना चिकटल्या. शोध मोठाच होता. पण उरलेल्या निम्म्या मुलांचं काय? शिवाय र्‍हुमॅटिक ताप (स्ट्रेपनंतरचाच आजार, कोरिया हे त्याचं एक रूप, तो हृदयाच्या झडपांनाही धरतो) असलेल्या, पण कोरिया नसलेल्या काही मुलांतही तशाच अँटीबॉडी सापडल्या. म्हणजे काही मुलांत विकार आहे आणि अँटीबॉडी दिसत नाही, तर काहींत अँटीबॉडी आहे आणि विकार नाही. तिला कारण म्हणण्याआधी थांबायला हवं. बेसल गँग्लियाला आधी दुसऱ्याच कशाने इजा झाली, पेशींतली प्रथिनं बाहेर सांडली आणि त्यांच्याविरुद्ध मागाहून अँटीबॉडी तयार झाल्या, असंही घडू शकतं.

समर्थक : १९७६ चं तंत्र आज कोण वापरतं? २००३ मध्ये ओक्लाहोमातल्या मॅडेलिन कनिंगहॅम यांच्या गटाने कोरिया झालेल्या रुग्णाच्या पेशींपासून एकाच साच्याच्या अँटीबॉडी बनवल्या. त्या स्ट्रेपच्या भिंतीतल्या साखरेला चिकटत होत्या आणि मेंदूपेशींच्या पृष्ठभागावरच्या गँग्लिओसाइडलाही. चिकटून स्वस्थ बसत नव्हत्या, तर पेशीच्या आत कॅम कायनेज टू नावाचं विकर चालू करत होत्या. पेशीचा संदेश बदलत होता, डोपामाइनचं गणित बिघडत होतं. कोरियाच्या मुलांना हॅलोपेरिडॉलने आराम पडतो, कारण ते औषध डोपामाइनला रोखतं. म्हणजे प्रयोगशाळेतलं चित्र आणि दवाखान्यातला अनुभव जुळतो. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रसेल डेल यांच्या गटाने डोपामाइनच्या डी-टू ग्राहकाविरुद्धच्या अँटीबॉडी शोधल्या. बेसल गँग्लियाचा दाह झालेल्या १७ मुलांपैकी १२ जणांत आणि सिडनहॅम कोरियाच्या ३० पैकी १० जणांत त्या सापडल्या.

साशंक : तीसपैकी दहा.

समर्थक : हो, तीसपैकी दहा. पण स्ट्रेपच्या भिंतीवर एकच प्रथिन नसतं आणि प्रत्येक मुलाची प्रतिकारशक्ती त्याच प्रथिनावर तुटून पडत नाही. एकाच अँटीबॉडीने सगळे रुग्ण समजावून द्यावेत हा हट्ट जीवशास्त्राला मानवणारा नाही.

साशंक : हट्ट नाही, मोजपट्टी आहे, आणि ती माझी नव्हे. एखादा आजार स्वयंप्रतिकाराचा कधी म्हणायचा, याच्या अटी एर्न्स्ट विटेब्स्की यांनी १९५७ मध्ये मांडल्या आणि १९९३ मध्ये त्या सुधारून घेतल्या गेल्या. त्यातली सर्वांत कडक अट अशी, की रुग्णाच्या अँटीबॉडी दुसऱ्या जिवात घातल्या तर तोच आजार तिथे उमटला पाहिजे. मायस्थेनिया ग्रेव्हिस या अटीला उतरतो. रुग्णाच्या अँटीबॉडी उंदराला टोचल्या की उंदीर अशक्त होतो. आईला मायस्थेनिया असेल तर तिच्या अँटीबॉडी वारेतून बाळात जातात, बाळ काही आठवडे दमल्यासारखं, नीट न चोखणारं असतं, आणि त्या अँटीबॉडी संपल्या की सुधारतं. निसर्गानेच तो प्रयोग करून दाखवला. कोरियाच्या बाबतीत असं काय आहे?

समर्थक : उंदरांवरचे प्रयोग आहेत. स्ट्रेपचे घटक टोचलेल्या उंदरांचे पंजे अडखळू लागले, ते पुन्हापुन्हा अंग चाटू लागले, आणि त्यांच्या अँटीबॉडी दुसऱ्या उंदरांत घातल्यावर वर्तनातले तसेच बदल तिथे दिसले.

साशंक : आणि टॉरेट या आचक्यांच्या (टिक्सच्या) विकाराच्या रुग्णांचा रक्तद्रव उंदरांच्या मेंदूत घालण्याचे प्रयोग? आधी कुणाला फरक दिसला. मग जॉन्स हॉपकिन्सच्या हार्वी सिंगर यांच्या गटाने २००५ मध्ये अँटीबॉडी जास्त असलेला आणि कमी असलेला असे दोन्ही रक्तद्रव शेजारीशेजारी तपासले, तेव्हा उंदरांच्या वागण्यात भेद उरला नाही. शिवाय मेंदूत थेट नळीने ओतलेली अँटीबॉडी आणि घसा दुखलेल्या मुलाच्या रक्तातली अँटीबॉडी यांच्यामध्ये रक्त-मेंदू अडथळा उभा आहे.

समर्थक : त्या अडथळ्यावर गेल्या दहा वर्षांत उत्तम काम झालंय. उंदरांच्या नाकात स्ट्रेपचा संसर्ग पुन्हापुन्हा केला, तर टी-एच-सतरा नावाच्या प्रतिकारपेशी गंधाच्या नसांच्या वाटेने मेंदूच्या पुढच्या टोकाला पोचतात आणि तिथल्या रक्तवाहिन्या गळक्या करतात. त्या फटींतून अँटीबॉडी आत शिरतात. म्हणजे एका घसादुखीने भागत नाही, वारंवार व्हावी लागते. आपल्याकडे एकेका मुलाला वर्षातून तीन-चार वेळा घसा धरतो. ही कडी मला फार महत्त्वाची वाटते.

इथपर्यंतचं भांडण तसं सौम्य आहे, कारण दोघांच्याही पायांखाली सिडनहॅमची भक्कम जमीन आहे. समर्थक ती जमीन ओलांडून पुढे जातो तिथे खरी खडाजंगी सुरू होते. आणि समर्थकाने पुढे जाऊ नये असंही म्हणवत नाही. ज्या आईबापांचं मूल एका रात्रीत बदललेलं असतं त्यांना पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या ओळीपाशी थांबून चालत नाही.

समर्थक : विल्यम ऑस्लर यांनी १८९४ मध्येच लिहून ठेवलं होतं की कोरियाच्या काही मुलांत एकच कृती पुन्हापुन्हा करण्याचा विचित्र आग्रह दिसतो. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या सुझान स्वीडो यांनी कोरियाच्या मुलांना पद्धतशीर प्रश्न विचारले. मंत्रचळाची लक्षणं त्यांच्यात पुष्कळच निघाली : हात धुणं, मोजणं, कडी लावली का ते दहादा बघणं. मग प्रश्न उलटा पडला. ज्या मुलांना कोरिया नाही, पण मंत्रचळ किंवा आचके अचानक सुरू झालेत, त्यांच्यामागे स्ट्रेप असेल का? १९९८ मध्ये त्यांनी अशा ५० मुलांचं वर्णन छापलं आणि त्या अवस्थेला पॅन्डास हे नाव मिळालं. सुरुवात नाट्यमय, वय लहान, स्ट्रेपशी वेळेचा मेळ, आणि लक्षणांचा चढउतार. हे मूल सोमवारी ठीक असतं आणि गुरुवारी हात रक्ताळेपर्यंत धुतं. नेहमीचा मंत्रचळ असा येत नाही, तो महिनोन्‌महिने हळूहळू घेरत येतो.

साशंक : आचके येणारी मुलं वर्षभर पाहिलीत तर तिथेही चढउतारच दिसतात. डोळे मिचकावणं दोन आठवडे, मग बंद, मग घसा खाकरणं. टॉरेटचा स्वभावच तो. आणि शाळकरी मुलांत, विशेषतः हिवाळ्यात, दर दहापैकी एकाच्या घशात स्ट्रेप नुसता राहत असतो, काही न करता. वारंवार चढणारा आजार आणि वारंवार सापडणारा जंतू यांची गाठ निव्वळ योगायोगानेही पडते. म्हणून मुलं आधी निवडायची आणि मग पुढे जाऊन मोजायचं. रॉजर कर्लन आणि सहकाऱ्यांनी तेच केलं. पॅन्डासची ४० मुलं, त्यांच्याशी जुळणारी ४० साधी आचक्यांची मुलं, दोन वर्षं सतत घशाचे स्वॅब आणि रक्त. २००८ मध्ये निकाल आला. साठाहून जास्त वेळा लक्षणं बळावली आणि त्यातल्या फक्त पाच वेळा आधीच्या चार आठवड्यांत स्ट्रेप सापडला.

समर्थक : पाचही वेळा पॅन्डासच्याच मुलांत!

साशंक : हो, आणि ते मी लपवत नाही. पण बाकीच्या वेळी काय कारण होतं? पुढे युरोपात ७१५ मुलांना घेऊन असाच अभ्यास झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्ट्रेपचा संसर्ग आणि आचके बळावणं यांत संबंध आढळला नाही.

समर्थक : त्या ७१५ मुलांत साध्या आचक्यांची मुलंच बहुसंख्य होती. रात्रीत पालटलेली मुलं त्या गर्दीत हरवणारच. मोठ्या आकड्यांवर जायचं तर डेन्मार्कला चला. तिथे दहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या, २०१७ चा अभ्यास. स्ट्रेपची चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या मुलांत पुढे मंत्रचळाचं निदान होण्याचा धोका निम्म्याने वाढलेला, आचक्यांचा सुमारे एकतृतीयांशाने.

साशंक : त्याच अभ्यासात, घसा दुखला पण स्ट्रेप सापडला नाही अशा मुलांतही धोका वाढलेला होता. थोडा कमी, पण वाढलेला. मग अँटीबॉडीची चूक की कुठल्याही तापाने मेंदूवर पडणारा ताण? की पोराला वारंवार डॉक्टरकडे नेणारे पालक मानसोपचारतज्ज्ञाकडेही लवकर नेतात, एवढंच?

समर्थक : तिन्हीही थोडंथोडं असेल. म्हणून तर २०१२ मध्ये स्वीडो यांनीच चौकट मोठी केली आणि स्ट्रेपची अट काढून पॅन्स हे नाव पुढे आणलं. पण अँटीबॉडीचा धागा तुटलेला नाही. येल विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की पॅन्डासच्या काही मुलांच्या अँटीबॉडी बेसल गँग्लियाच्या स्ट्रायटम या भागातल्या नेमक्या एका जातीच्या पेशींना, कोलिनर्जिक मध्यस्थ पेशींना चिकटतात आणि त्यांचं काम मंदावतं. मुलं बरी होऊ लागल्यावर ते चिकटणं ओसरतं. टॉरेट असलेल्या माणसांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूत याच जातीच्या पेशी कमी आढळल्या होत्या. हे योगायोगाने जुळत नाही.

साशंक : हा मला तुमच्या बाजूचा सर्वांत चांगला पुरावा वाटतो. मुलं थोडी आहेत, पण दिशा चांगली आहे. माझी तक्रार वेगळी आहे. असा पुरावा कोवळा असतानाच बाजारात चाचणी येते. कनिंगहॅम पॅनेल नावाची रक्तचाचणी विकली गेली, पालकांनी पदरमोड करून नमुने अमेरिकेला पाठवले. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये तीच चाचणी निरोगी लोकांवर करून पाहिली, तर त्यांच्यातही मोठ्या संख्येने ‘दोष’ निघाले. निरोगी माणसाला आजारी ठरवणारी चाचणी आजारी मुलाला काय सांगणार?

समर्थक : चाचणी कच्ची आहे, मान्य. पण उपचारांकडे बघा. १९९९ च्या लॅन्सेटमधल्या चाचणीत साधारण तीस मुलं होती. काहींना आयव्हीआयजी म्हणजे हजारो दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडींचा डोस, काहींचा प्लाझ्मा बदलला, काहींना औषध नसलेलं सलाइन. महिन्याभरात मंत्रचळ प्लाझ्मा बदललेल्या गटात ५८ टक्क्यांनी, आयव्हीआयजीच्या गटात ४५ टक्क्यांनी उतरला, सलाइनच्या गटात जवळजवळ नाही.

साशंक : प्लाझ्मा बदललेल्या मुलांना आणि घरच्यांना ठाऊक होतं की आपला प्लाझ्मा बदलतोय. २०१६ मध्ये ३५ मुलांवर आयव्हीआयजीचीच चाचणी अधिक काटेकोरपणे केली. आयव्हीआयजीच्या गटात सुधारणा २४ टक्के, खोट्या औषधाच्या गटात १२. संख्याशास्त्राने हा फरक मानला नाही.

समर्थक : फरक दुपटीचा होता, मुलं थोडी होती. नंतर उघडपणे डोस दिलेल्या मुलांत भरीव सुधारणा दिसली. पस्तीस मुलांवर ‘उपयोग नाही’ हेही सिद्ध होत नसतं.

साशंक : नसतं. पण ज्याचा एकेक डोस लाखाच्या घरात जातो, ज्याने डोकं फुटेल असं दुखतं आणि क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात, ते देताना सिद्ध करण्याची जबाबदारी देणाऱ्यावर असते.

समर्थक : मग तुम्ही एन-एम-डी-ए ग्राहकाच्या एन्सेफलायटिसचं, म्हणजे मेंदूदाहाचं, काय म्हणाल? जोसेप डालमाऊ यांनी २००७ मध्ये ती अँटीबॉडी शोधण्याआधी तरुण मुली मनोरुग्णालयांत पडून होत्या. तोंडाच्या विचित्र हालचाली, भास, मग बेशुद्धी. किती जणींना भूतबाधा झाल्याचं ठरवलं असेल! तेव्हाही कोणी म्हणालंच असेल की सिद्ध करून दाखवा.

साशंक : आणि डालमाऊंनी सिद्ध करून दाखवलं. अँटीबॉडी पाठीच्या पाण्यात सापडली. जिवंत पेशींवरचे ग्राहक ती आत ओढून घेते हे दिसलं, आणि ती अँटीबॉडी जागवणारी अंडाशयातली गाठ काढल्यावर मुली उठून बसल्या. काही वर्षांत चित्र स्पष्ट झालं. पॅन्डासला पाव शतक उलटलं. एवढ्या काळात उत्तर न येणं हीसुद्धा एक माहिती आहे.

वादाला आता एक वळण लागतं, आणि दोघांमधला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न त्या वळणावर आहे. तो अमेरिकेचा नाही, आपला आहे.

साशंक : आपल्याकडे या विषयाची किंमत कोण मोजतं ते सांगतो. पोराचे पाय दुखतात, कोणीतरी एएसओ टायटर करायला सांगतं, आकडा ४०० येतो. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की गेल्या काही महिन्यांत स्ट्रेप येऊन गेला. तरी पोराला दर एकवीस दिवसांनी बेन्झाथीन पेनिसिलिनचं दुखरं इंजेक्शन सुरू होतं आणि वर्षानुवर्षं चालतं. दुसरीकडे तुम्ही सुरुवातीला सांगितलेली ती मुलगी. कोरिया दिसेपर्यंत अनेकदा एएसओ उतरलेला असतो. रिपोर्ट नॉर्मल बघून कोणी ‘टेन्शन आहे’ म्हणून घरी पाठवतं, कोणी देवऋषीकडे नेतं. काही महिन्यांत हात आपोआप शांत होतो आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. तिच्या हृदयाच्या झडपेला सूज आहे का, हे इको करून कोणी पाहिलेलंच नसतं. हीच मुलगी विशीत बाळंतपणाला येते तेव्हा धाप लागलेली असते. ज्या मुलीला एकवीस दिवसांचं इंजेक्शन हवं होतं तिला ते मिळालं नाही, नको होतं त्याला मिळालं. र्‍हुमॅटिक हृदयविकाराचे जगात चार कोटींहून अधिक रुग्ण आहेत, त्यांत आपला वाटा मोठा आहे. वायोमिंगच्या फोर्ट वॉरन छावणीत १९५० च्या आसपासच सैनिकांवर दिसून आलं होतं की घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन दिलं तर र्‍हुमॅटिक ताप टळतो. इतकं साधं आहे ते. आणि आपण धूसर अँटीबॉडींच्या मागे लागणार?

समर्थक : तुमचा राग योग्य आहे, पण तो माझ्यावर का? इको आणि इंजेक्शन त्या मुलीला मिळालंच पाहिजे. माझा प्रश्न पुढचा आहे. आपल्याकडे स्ट्रेप इतका आहे, तर रात्रीत पालटलेली मुलंही असणार. ती कोणी मोजली? बालमानसोपचारतज्ज्ञ मोठ्या शहरांबाहेर सापडत नाही. गावाकडचं हात धुणारं पोर सोवळं पाळतंय असं म्हणून सोडून दिलं जातं.

साशंक : आता नीट ऐका, कारण माझी सर्वांत मोठी शंका इथेच आहे. अमेरिकेत र्‍हुमॅटिक ताप विसाव्या शतकात जवळपास नाहीसा झाला. १९८५ च्या सुमारास युटामध्ये पुन्हा साथ आली, कोरियाची मुलंही दिसली, मग तीही ओसरली. पॅन्डासचे वर्णन केलेले बहुतेक रुग्ण मात्र अशाच देशांतले, जिथे र्‍हुमॅटिक ताप उरलेला नाही. जिथे तो अजून आहे, भारतात, आफ्रिकेत, पॅसिफिक बेटांवर, तिथून पॅन्डासचे अहवाल तुरळक. एकाच जंतूची, एकाच यंत्रणेची दोन फळं असतील तर ती एकाच मातीत उगवायला हवीत.

समर्थक : जात वेगळी असू शकते. युटाच्या साथीत एम-अठरा जातीचा स्ट्रेप पुढे होता. झडपेला धरणाऱ्या जाती आणि मंत्रचळ जागवणाऱ्या जाती निराळ्या असू शकतात. किंवा तुमचा नकाशा हा आजाराचा नसून शोधणाऱ्यांचा असेल. दोन्हीपैकी काय खरं, ते मी सांगू शकत नाही. पण सांगता येईल असा अभ्यास आपल्याकडेच होऊ शकतो. शाळेतली काही हजार मुलं घ्या, रक्त आधीच साठवून ठेवा, दर महिन्याला स्वॅब करा, आणि ज्या दिवशी एखाद्याचा हात नाचू लागेल किंवा धुणं थांबेना होईल, त्या दिवशी त्याच मुलाचं आधीचं आणि नंतरचं रक्त शेजारी ठेवा. लक्षणांच्या आधी नसलेली अँटीबॉडी लक्षणांबरोबर आली आणि त्यांच्याबरोबर गेली, तर तुम्ही काय म्हणाल?

साशंक : मंत्रचळाच्या मुलांत आली आणि नुसत्या घसादुखीच्या मुलांत आली नाही, तर मी माघार घेईन. दोन्हींत आली तर?

समर्थक : तर मी घेईन.

साशंक : मान्य. पण उद्या सकाळी माझ्यासमोर एक आठ वर्षांचा मुलगा बसलेला असेल. चार दिवसांपूर्वी सुरू झालेलं हात धुणं, बोटांच्या सांध्यांवर चिरा, आई रडतेय. तुमचा अभ्यास तोवर झालेला नसेल.

समर्थक : स्वॅब घ्या. जीभ बाहेर काढायला सांगा, बोटं धरायला द्या, कोरिया नाही ना ते बघा, थोडीही शंका असेल तर इको. विल्सनचा आजार, ल्युपस यांचाही विचार करा. स्वॅब पॉझिटिव्ह असेल तर दहा दिवसांचं पेनिसिलिन. मंत्रचळासाठी वर्तनोपचार आजपासून, अँटीबॉडीची वाट न बघता.

साशंक : इथपर्यंत आपल्यात एका अक्षराचा फरक नाही. आणि स्वॅब निगेटिव्ह आला तर?

समर्थक : तरी मी दहा दिवसांचं औषध एकदा देऊन बघेन.

साशंक : मी देणार नाही. मंत्रचळाची लाट दहा दिवसांत पुष्कळदा आपसूक उतरते. तुम्ही औषध दिलेलं असेल तर श्रेय औषधाला जाईल, आणि पुढच्या प्रत्येक लाटेला ती आई अँटिबायोटिक मागेल.

समर्थक : आणि तुम्ही दिलं नाही, आणि स्वॅब चुकीचा निगेटिव्ह असेल, तर?

साशंक : तर तुम्ही बरोबर असाल, आणि त्या मुलाच्या बाबतीत ते मला कधीच कळणार नाही. म्हणून त्याला मी आठवड्याने परत बोलावीन आणि घसा पुन्हा बघेन.